नसीमच्या लग्नाची रजा

मंडळी, आज कासारवाडीत नसीमच्या नातीच्या लग्नाला गेले होते. नसीमने मला हाताला धरून व्याह्यांपुढे नेलं. म्हणाली, "या आमच्या मेट्रनबाई. यांच्यामुळे माझं लग्न ठरल्या दिवशी झालं!"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंपरीतल्या एका लहानशा खासगी हॉस्पिटलात मी मेट्रन होते आणि नसीम नवी सिस्टर. डॉक्टरसाहेबांनी तिला लग्नाची रजाच नाकारली. मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, तीन शिफ्टला तुम्ही तीनच सिस्टर धरल्यात. मग आठवड्याची सुट्टी, आजारपण, लग्न, बाळंतपण कशात धरायचं?"

"आजवर चाललंय की!"

"चाललंय, कारण पोरी अंगात ताप घेऊन ड्यूटी करतात. चौथी सिस्टर हवीच. आसपासच्या कंपन्यांतून जखमी कामगार येतात, त्यांच्यासाठी पाचवीही."

साहेबांनी ड्यूटीचा तक्ता पुढे ओढला. मग म्हणाले, "चौथी शोधा."

लग्नाआधीच चौथी आली आणि नसीम निर्धास्त रजेवर गेली. पाचवीसाठी मात्र मी वर्षभर भांडले, आणि मिळवली.

पुढे जिथे जिथे काम केलं, तिथे सिस्टर किती लागतील हे ठरवताना मी खाटांबरोबर रजाही मोजल्या.

तुमच्या ऑफिसात मोजतात का हो?