किल्ली काढल्यावरचा आवाज

आमच्या साडभाऊंना जगातली कुठलीच गोष्ट आधी दिसत नाही, ती आधी ऐकू येते. दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात त्यांची कपाशीची आणि तुरीची शेती आहे. पण बांधाजवळच्या रस्त्याने एखादी मोटारसायकल गेली की हातातलं काम तसंच टाकून ते मान डावीकडे कलती करतात, एक डोळा मिटतात आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत जागचे हलत नाहीत. मग निंदणाऱ्या बायकांपैकी जी जवळ असेल तिला गंभीरपणे सांगतात, "टायमिंग पुढं हाये त्याचं." हे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कारकुनी करतो. लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा माझी नोकरी, घरदार, तब्येत, कशाचीही चौकशी केली नाही. अंगणातली माझी स्कूटर चालू करायला लावली, तिच्या इंजिनावर एका लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक टेकवलं, त्याची मूठ कानाशी धरली, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडून निकाल दिला, "माणूस बरा हाये. ऑइल वेळेवर बदलवते."

त्यांच्या शास्त्रात इंजिनाच्या ठोक्यांच्या जाती ठरलेल्या आहेत. गाडी जागेवर उभी असतानाही शिवणयंत्रासारखी टकटक आली तर तो टॅपेट. त्याने कोणाचं काही वाईट होत नाही. खालून, पोटातून, घण पडल्यासारखा धप् धप् आवाज आला तर बेअरिंग गेलं. तिथेच गाडी बंद करावी आणि पायी चालू लागावं. आणि चढावर, वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलेटर दाबल्याबरोबर डब्यात खडे हलवल्यासारखं वाजलं, आणि पाय उचलताच थांबलं, तर ते खरं नॉकिंग. म्हणजे पेट्रोल आपली वेळ यायच्या आधीच पेटून राहिलंय. ऑक्टेनबद्दल ते फार हळवे आहेत. तो आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद, असं कोणी म्हटलं की त्यांना स्वतःच्या नातेवाइकाची निंदा ऐकल्यासारखं वाटतं. एकदा पंपावर एक तरुण शिक्षक आपल्या साध्या मोटारसायकलीत भारीतलं पेट्रोल भरून घेत होता. साडभाऊ रांग सोडून त्याच्यापाशी गेले.

"गुरुजी, आकडा मोठा म्हणजे पेट्रोलले धीर जास्त. दबावात बी ते घाईनं पेटत नाही. तुमच्या गाडीच्या इंजिनात तेवढा दबावच नाही, मंग तिले एवढा धीर कायले पाहिजे? कंपनीचं पुस्तक वाचा. एक्क्याण्णव लिहून असन तर एक्क्याण्णवच टाका."

"पण काका, याच्यानं पिकअप वाढते," शिक्षक म्हणाला.

"ते तुमच्या मनात वाढते," साडभाऊ म्हणाले, आणि पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.

त्यांचं निदान दरवेळी बरोबर येतं असं मात्र मुळीच नाही. माझ्या चुलतभावाच्या गाडीत त्यांना एकदा पिस्टनचा आवाज आला. भावाने घाबरून इंजिनाचं वरचं झाकण उघडवलं, मेकॅनिक दिवसभर आत डोकं घालून बसला, आणि संध्याकाळी डिक्कीतून लग्नातला एक नारळ निघाला. साडभाऊंनी तो नारळ हातात घेऊन कानाशी हलवला आणि "पाणी कमी हाये" एवढंच म्हटलं. पण माणसांच्या लक्षात अशा गोष्टी राहत नाहीत. लक्षात काय राहिलं, तर बाजाराच्या दिवशी जीपच्या अड्ड्यावर त्यांनी एका ड्रायव्हरला "नको जाऊ, खालून आवाज येऊन राह्यला" असं सांगितलं, तो हसून निघून गेला, आणि जीप गावाबाहेर पडता पडता इंजिन जाम होऊन उभी राहिली. तेव्हापासून साडभाऊ अड्ड्यावर दिसले की ड्रायव्हर लोक इंजिनं बंद करू लागले. त्यांची मान कलती झाली की भरलेल्या जीपमधून म्हाताऱ्या आपल्या टोपल्या घेऊन मुकाट्याने उतरायच्या. पुढे तर एका पंगतीत त्यांनी शेजारी बसलेल्या एका खोकणाऱ्या आजोबांकडे सवयीने मान कलती केली, आणि ते आजोबा दिवाळीच्या आत वारले. वय झालं होतं त्यांचं. पण मग पंगतीत साडभाऊंच्या शेजारचं पान रिकामं राहू लागलं. घरी मेहुणीबाई हसून म्हणायच्या, "मी झोपली की हे माह्यं घोरणं ऐकत बसते. मले भेव लागते बाप्पा, काय सांगते काय माहीत."

मीही या सगळ्यावर हसत असे, आम्ही झरी जामणीकडून परत येत होतो त्या दुपारपर्यंत.

साडभाऊंचे एक शाळेतले मित्र जंगल खात्यातून निवृत्त होऊन तिकडेच एका खेड्यात राहिले होते. त्यांच्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही दोघं साडभाऊंच्या जुन्या, कार्बोरेटरच्या पांढऱ्या मोटारीतून गेलो होतो. परतताना पेट्रोलचा काटा खाली आला. पंप लांब, म्हणून एका किराणा दुकानातून बाटल्यांतलं पेट्रोल घेतलं. साडभाऊंनी दोन बोटांत थेंब चोळून वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"रॉकेल हाये याच्यात. पण टाकल्याबिगर इलाज नाही."

उन्हाळा होता. सागाची पानं सगळी खाली पडलेली, झाडं नुसत्या काड्यांची, त्यामुळे जंगल असूनही सावली नव्हती. रस्त्यावर माणूस नाही, गुरं नाहीत. चढ लागला आणि इंजिनातून खडखड सुरू झाली. या वेळी मलाही स्पष्ट ऐकू आली. साडभाऊंनी लगेच खालचा गिअर टाकला, पाय हलका ठेवला, आणि गाडीला समजावत समजावत वर आणलं. माथ्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. स्पार्क थोडा उशिरा पडेल असं टायमिंग करून पाहू, म्हणाले, आणि किल्ली फिरवून बाहेर काढली.

इंजिन बंद झालं नाही.

किल्ली त्यांच्या तळहातावर होती, आणि गाडी आचके देत, खोकत चालूच होती. साडभाऊ शांत होते. "भेऊ नका पाव्हणे. आत काजळी लाल झाली असन, तिच्यावरच पेटून राह्यलं," म्हणाले, आणि गाडी गिअरमध्ये टाकून एकदम क्लच सोडला. एक धक्का बसला आणि सगळं थांबलं. इतकं थांबलं की माझा श्वास मला ऐकू यायला लागला.

मग पुन्हा आवाज आला. ठक्. ठक्. थोडं थांबून पुन्हा, ठक्.

"सायलेन्सर थंड होत असन," मी म्हणालो.

"सायलेन्सर बारीक वाजते." त्यांनी बॉनेट उघडलं, पेचकस इंजिनाला टेकवून कान लावला आणि नकारार्थी मान हलवली. इंजिन गप्प होतं. ठोका मात्र येत होता, पत्र्यावर काहीतरी आपटल्यासारखा. त्यांनी मान डावीकडे कलती केली, डोळा मिटला, आणि त्या क्षणी मला प्रथमच ते भीतिदायक दिसले. मग ते रस्त्याच्या कडेवरून खाली उतरू लागले. मी मागोमाग गेलो. आम्ही उतरायला लागलो तसा आवाज थांबला.

खाली कोरड्या नाल्यात एक मालवाहू ऑटो उलटून पडला होता. मांडवाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आजूबाजूला विखुरल्या होत्या. वरून, रस्त्यावरून, त्यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ऑटोखाली एक माणूस अडकला होता, चाळिशीचा, ओठ पांढरे पडलेले. "याडी, याडी," असं तो पुटपुटत होता. बंजारा तांड्यावरची माणसं आईला याडी म्हणतात, एवढं मला माहीत होतं. साडभाऊंनी गाडीतला जॅक आणायला मला पिटाळलं. दगडांवर जॅक लावून आम्ही ऑटो इंच इंच उचलला, त्याला बाहेर ओढलं, आणि खुर्चीत बसवून, ती खुर्चीच दोघांनी उचलून वर आणली.

खरी परीक्षा पुढेच होती. पांढरकवड्याचा दवाखाना बराच दूर, टाकीत तेच पेट्रोल. मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी बसलो होतो आणि सारखा म्हणत होतो, "जोरात घ्या, जोरात घ्या."

"जोरात घेतलं तर पिस्टनले भोक पडन, मंग इथंच बसू आपण," साडभाऊ म्हणाले. त्यांनी टायमिंग मागे केलं होतं, तरी जरा चढ आला की खडखड सुरू व्हायची, ते पाय उचलायचे, ती थांबायची, पुन्हा अलगद दाबायचे. सगळ्या काचा खाली, कान बाहेर. मागून मला एवढंच दिसत होतं की त्यांचा शर्ट पाठीला चिकटलाय. पेट्रोलला नव्हता तेवढा धीर साडभाऊंनी धरला, आणि आम्ही पोचलो.

माणूस वाचला. पायाचं हाड मोडलं होतं, बरगड्या दुखावल्या होत्या. काही दिवसांनी आम्ही केळी घेऊन त्याला भेटायला गेलो. त्याची आई उशाशी बसली होती. तिने साडभाऊंचे हात आपल्या कपाळाला लावले. ते अवघडले आणि काहीतरी बोलायचं म्हणून त्याला म्हणाले, "बरं झालं बाबा तू ठोकत राह्यला. नाहीतर आमाले कुठं कळलं असतं?"

त्याने उशीवरून डोकं उचललं.

"मी नाही ठोकलं भाऊ. माहे दोन्ही हात तं खाली दबून होते. मी बेसुधच पडलो होतो. वरून कोणीतरी ठोकून राह्यलं, त्या आवाजानं मले जाग आली. मले वाटलं, तुम्हीच होय."

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्याची आई केळं सोलत होती, तिचे हात थांबले.

त्यानंतर साडभाऊंनी टाकी पूर्ण रिकामी केली, कार्बोरेटर धुतला, काजळी खरवडली. पेट्रोल बदलून बदलून त्याच चढावर ते जाऊन आले, एकदा साधं घालून, एकदा भारीतलं घालून. माथ्यावर थांबून इंजिन बंद करायचे आणि उभे राहायचे. काहीही वाजलं नाही. ऑटोचा पत्रा उन्हाने तडकला असेल, सुतारपक्षी असेल, असं मी त्यांना सांगून पाहिलं. ते ऐकून घेत. एकदाच म्हणाले, "पाव्हणे, मले आतापर्यंत वाटे, आवाज आला म्हणजे त्याले काहीतरी कारण असते. पेट्रोल, टॅपेट, बेअरिंग. काहीतरी."

आता त्यांच्या मुलाने नवी गाडी घेतली आहे. तिच्या इंजिनात नॉकिंग ओळखणारा सेन्सर आहे, तो आपला आपणच टायमिंग मागे घेतो. साडभाऊ तिच्यात पुढच्या सीटवर, काच वर करून बसतात. अड्ड्यावरचे ड्रायव्हर आता त्यांना बोलावून चहा पाजतात, आणि पंगतीत त्यांच्या शेजारी कोणीही निर्धास्त बसतं.

मागच्या महिन्यात, स्कूटरनंतर मी घेतलेली जुनी मोटार चढावर वाजू लागली. मेकॅनिककडे न नेता मी ती मुद्दाम दारव्ह्याच्या रस्त्याला लावली आणि त्यांच्या अंगणात नेऊन चालू ठेवली. ते बाहेर आले, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मी त्यांच्या मानेकडे बघत होतो. ती सरळच होती.

"काय वाटते?" मी विचारलं.

"मले नाही समजत आता," ते मऊ आवाजात म्हणाले. "मेकॅनिकले दाखवा. या, जेवून घ्या."

जेवण झालं, गप्पा झाल्या, मेहुणीबाईंनी तुरीच्या डाळीची पिशवी बांधून दिली. संध्याकाळी मी एकटाच निघालो. चढावर गाडी पुन्हा खडखडायला लागली. पाय हलका करत, ऐकत ऐकत मी ती वर आणली, आणि मनात सारखं येत राहिलं की त्यांनी आज काहीही, अगदी चुकीचं जरी सांगितलं असतं, तरी मला फार बरं वाटलं असतं.