भावजींचे नऊ सेकंद

माझे धाकटे दीर सोफ्यांची कापडं बदलतात. जुना सोफा आला की त्याचं फाटकं कातडं सोलायचं, सैल पडलेल्या स्प्रिंगा आवळायच्या, नवा फोम घालायचा, वरून कापड ताणून बारीक खिळे मारायचे. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात ताणलेलं कापड, मग खिळे ठेवायचे कुठे, तर ओठांत. पंचेचाळीस वर्षं तोंडात खिळे धरलेला माणूस बोलणार तरी कधी? गिऱ्हाइकाने काही विचारलं की भावजी मान हलवतात. लग्नाचंही तसंच झालं. माझ्या सासूबाईंनी चार मुली दाखवल्या, भावजींनी चारही वेळा मान हलवली, आणि ती आडवी. पुढे एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, रविवारी वेळ नसतो."

रविवारी ते फुटबॉल बघायला जात. घराच्या मागच्या शेडमध्ये त्यांचं काम, वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली, खाली मी. माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघंच. आठवडाभर शेडमधून ठकठक ऐकू येते. रविवारी दुपारी ती थांबली की मी समजते, निघाले. मी चौथी शिकलेली बाई. फुटबॉलमधलं मला एवढंच कळतं की चेंडू हाताने धरायची मुभा एकट्यालाच असते आणि तोच सगळ्यात जास्त शिव्या खातो.

मैदानाच्या स्वस्त बाजूला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. तिथे बाराव्या पायरीवर, खांबाच्या डाव्या अंगाला, भावजींची मंडळी बसायची. ऐन भरात होती तेव्हा नऊ जण. एक बेकरीवाला, शाळेतला एक शिपाई, दोघे भाऊ रंगारी, टपाल वाटणारा पोस्टमन, असे. एकमेकांच्या घरी जाणं नाही की येणं नाही. रविवारी भेटायचं आणि शेजारी बसायचं. मग एकेक जण कमी होत गेला. कोणी मुलाकडे राहायला गेला, कोणी देवाघरी. शेवटी पायरीवर दोघं उरले, भावजी आणि पोस्टमन.

त्या पायरीचा एक कायदा होता, तो आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं. आपल्या खेळाडूला शिव्या द्यायच्या त्या पायरीवरच. तिथे पोटभर द्यायच्या, कोणी अडवणार नाही. पण फाटकाबाहेर पाऊल पडलं की अकराच्या अकरा गुणी. बाहेर कोणी म्हणालं, तुमचा गोलकीपर आंधळा आहे, तर यांनी म्हणायचं, उन्ह डोळ्यांवर होतं हो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसऱ्याला कशाला दाखवायचे? पोस्टमन तर याबाबतीत इतके कडक की टपाल देताना एका घरमालकाने संघाला नावं ठेवली, तर त्याची पत्रं देणं सोडलं नाही, पण हसणं सोडलं.

गेल्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या बेताला आपला संघ आपल्याच मैदानावर चार गोलांनी हरला. पोस्टमन गुडघ्यांमुळे शिट्टी वाजायच्या आधीच निघायचे, बसमध्ये जागा मिळावी म्हणून. भावजी एकटेच बाहेर आले. फाटकापाशी एक मुलगी उभी होती, हातात माईक, समोर तिकाटण्यावर मोबाईल. ती संघाच्या चाहत्यांचं चॅनेल चालवते. सामना संपला की लोकांना बोलतं करायचं आणि ते मोबाईलवर सगळ्यांना दाखवायचं. तिने भावजींना विचारलं, "काका, किती वर्षं येताय तुम्ही?"

आता मला सांगा, हा प्रश्न त्या माणसाला कोणी कधी विचारला होता? मीसुद्धा नाही. खिळेही नव्हते तोंडात. भावजी बोलायला लागले ते पाव तास थांबले नाहीत. थोरल्या भावाचा हात धरून पहिला सामना पाहिला तो सांगितला. पायरीवरच्या नऊ जणांचं सांगितलं, कोण कधी गेला, कोण कसा ओरडायचा. तिने मध्येच डाव्या बाजूला खेळणाऱ्या त्या पोराबद्दल विचारलं, ज्याच्या चुकीने दोन गोल झाले होते. भावजी म्हणाले, "झोपेत खेळला तो आज. त्याला घरी बसवा." आणि पुढे लगेच म्हणाले की पण याच पोराने मागच्या वर्षी डोक्याला पट्टी बांधून शेवटपर्यंत खेळून संघ वाचवला होता, असं पोर मिळायला नशीब लागतं.

कात्री लागली ती या 'पण'च्या अलीकडे. उरले नऊ सेकंद. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, खऱ्या चाहत्यांचा संताप.

मला ते नातीने परगावाहून पाठवलं, आजी, हे आपले धाकटे आजोबा ना म्हणून. मी पाहिलं. वाऱ्याने लाल झालेलं तोंड, बोट पुढे, घरी बसवा. कोणालाही वाटावं, हा माणूस घरी ताटं आपटत असेल. ज्यांनी माझ्याकडे मीठ कमी आहे असंही कधी म्हटलं नाही, ते हे भावजी. नात म्हणाली, लाखाच्या वर लोकांनी पाहिलंय. मी म्हटलं, लाखाने पाहिलं, पण ओळखलं कोणी?

त्या आठवड्यात शेडवर खुर्च्या घेऊन आलेल्या एका माणसाने त्यांना हाक मारली, काय घरीबसवा काका. मग ते नावच पडलं. दुकानदार म्हणे, बसथांब्यावरची कॉलेजची मुलं म्हणत. भावजींना राग आला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांना गोड वाटलं. इतकी वर्षं रस्त्याने गेले तर कुत्रं मान वर करत नव्हतं, आणि आता लोक थांबून विचारत होते, काका, या रविवारी कोणाला घरी बसवायचं?

पण त्या रविवारी पायरीवर पोस्टमन होते. त्यांच्याकडे तसला मोबाईल नाही, मुलाने दाखवलं असणार. भावजी शेजारी बसले तसे पोस्टमन समोर बघत म्हणाले, "पायरीवरचं तू रस्त्यावर नेलंस." एवढंच. नंतर नव्वद मिनिटं एक शब्द नाही. भावजींनी सांगायला हवं होतं, अरे, पुढचं कापलं त्यांनी. पण तेही गप्प बसले. एवढ्या वर्षांच्या मित्राने आधी विचारायला हवं होतं, असा त्यांचा हिशेब. पुढच्या रविवारी पोस्टमन आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. भावजी म्हणाले, रुसलाय तर रुसू दे, मी का जाऊ?

जायला चॅनेल होतंच. ती मुलगी दर रविवारी फाटकाशी त्यांची वाट बघे. वाईट नाही हो ती. आठवडाभर कुठल्याशा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते आणि सुट्टीच्या दिवशीही तेच करते. भावजींना पाणी विचारायची, बसपर्यंत सोडायची. आणि हरभऱ्याच्या झाडावरही चढवायची. म्हणायची, तुम्ही आम्हा सगळ्यांचा आवाज आहात. हा आवाज शर्टाला इस्त्री करून जायला लागला. संघ हरत होता तोवर बरं चाललं होतं.

मग संघ जिंकायला लागला. एका रविवारी त्याच डाव्या बाजूच्या पोराने गोल केला आणि भावजी मोबाईलपुढे उभे राहून त्याचं भरभरून कौतुक करायला लागले. मुलीने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, छान बोललात, पण हे कोणी बघत नाही, निदान प्रशिक्षकाबद्दल तरी काही बोला. भावजींनी प्रयत्न केला म्हणे. मला सांगताना ओशाळून हसले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांना राग काही आणता आला नाही. पुढच्या खेपेला तिच्यापुढे दुसराच एक गृहस्थ होता, गळ्याच्या शिरा ताणून ओरडणारा. भावजी पिशवी हातात घेऊन बाजूला थोडा वेळ उभे राहिले आणि घरी आले.

ऐकायला ना पायरीवर कोणी, ना फाटकाशी. तेव्हापासून रविवारी संध्याकाळी ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागले. मी मटार सोलायची आणि ते सामना सांगायचे. कोणी कोणाला चेंडू दिला, कुठे चुकलं, वारा कुठल्या बाजूने होता. मला ओ की ठो कळत नसे. मी आपली म्हणायची, हो का, मग? त्यांना तेवढं पुरत असे. मध्येच बोलताना ते उजवीकडे मान वळवायचे, जणू तिकडे कोणी बसलंय. तिकडे माझा पिठाचा डबा.

असे दोन महिने गेले. मग एका संध्याकाळी म्हणाले, "वहिनी, मी येत्या रविवारी सगळं सांगून टाकतो." मला बरं वाटलं. पण सांगितलं ते कोणाला, तर त्या मोबाईललाच. मुलीला विनंती केली की एक अक्षर कापू नकोस, आणि तिने खरंच कापलं नाही. चार मिनिटं आहे ते. शेवटी भावजी म्हणतात, "मी कोणाचा आवाज नाही. आमच्या पायरीवर आम्ही दोघं उरलोय आणि दुसरा माझ्याशी बोलत नाही. चूक माझी आहे."

एकसष्ट लोकांनी पाहिलं. त्यातले चार म्हणजे चार वेळा मीच.

आठवडाभर घराच्या फाटकाची कडी वाजली की शेडमधली हातोडी थांबायची. पोस्टमन काही आले नाहीत. शेवटी मला राहवेना. तीन गल्ल्या सोडून टपाल कचेरीच्या मागे त्यांचं घर, दुसरा मजला. गेले. सुनेने दार उघडलं. पोस्टमन खिडकीपाशी खुर्चीत होते, मला बघून उठलेही नाहीत. मला वाटलं, राग घरातल्या बाईमाणसावरही काढतात की काय. मी सगळं सांगितलं, कापलेलं आणि न कापलेलं. ते खिडकीबाहेर बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मोबाईलला सांगता येतं त्याला. माझ्या दाराची बेल वाजवता येत नाही?"

मी शेडमध्ये जाऊन भावजींना ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या तोंडात खिळे होते. एकेक काढून त्यांनी सगळे ठोकले, मला वाटतं गरजेपेक्षा जास्तच ठोकले, आणि मग हातोडी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

तिथे काय झालं ते मला त्यांच्याकडून तीन वाक्यांत आणि सुनेकडून सविस्तर कळलं. घरात दुसरं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून दार उघडायला पोस्टमन स्वतः आले. भावजी बाहेर उभे आणि आतून काठीचा आवाज, टक, मग खूप वेळाने पुन्हा टक. दार उघडलं तेव्हा पोस्टमन भिंतीला धरून उभे होते. भावजी म्हणाले, चुकलं. ते म्हणाले, हो, चुकलंच. मग भिंत धरत खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "राग पंधरा दिवसांचा होता. त्यानंतर सगळे गुडघेच आहेत."

म्हणजे तिसऱ्या रविवारपासून त्यांना जिना उतरता येत नव्हता. रुसवा कधीच संपला होता. इकडे एकजण बाराव्या पायरीवर शेजारची जागा रागाने रिकामी आहे असं समजून बसत होता, आणि तिकडे दुसरा खिडकीत बसून समजत होता की मोठा माणूस झालाय, आता कशाला येईल. डॉक्टरांनी सांगितलंय, मैदानाच्या पायऱ्या विसरा. भावजी घरी आले ते न जेवता वर गेले. मित्र मिळाला, पण पायरीवरचा शेजारी गेला तो गेलाच.

नात फोनवर विचारते, आजी, मग त्या चॅनेलवर दाखवतात ते चाहते खरे की खोटे? खोटं कसं म्हणू? घरी बसवा हे शब्द भावजींच्याच तोंडचे होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हे त्यांनीही एकदा केलंच. पण दूध उतू जातं तेवढंच बघून कोणी म्हणालं की पातेल्यात फेसच आहे, तर त्याला काय म्हणायचं? आणि खाली जे तापत बसलेलं असतं ते बघायला तितका वेळ शेजारी बसावं लागतं. ते त्या मुलीला जमणारं नाही, आणि लाख लोकांनाही नाही. मला तरी कुठे जमलं होतं?

भावजी अजून दर रविवारी जातात. बाराव्या पायरीवर एकटे बसतात. शिव्या देतात की नाही ते मी विचारलं नाही, द्यायला ऐकणारं कोणी हवं. सामना संपला की फाटकाशी न थांबता सरळ पोस्टमनकडे जातात आणि पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सगळं सांगतात. सून म्हणते, नव्वद मिनिटांचा सामना सांगायला यांना दोन तास लागतात. तिथेच जेवायला थांबवून घेते ती.

मला बरंच वाटतं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असते तेव्हा वारा तिकडून असला की मैदानातला ओरडा इथवर ऐकू येतो, पण गोल आपला की त्यांचा ते काही कळत नाही. आठच्या सुमाराला भावजी येतात. मी विचारते, कोण जिंकलं? ते जिंकणाऱ्याचं नाव सांगतात, दार नीट लावा म्हणतात, आणि जिना चढून जातात. बाकीचं सगळं तिकडे सांगून झालेलं असतं.