दहा मिनिटं पुढचं घड्याळ

अक्काचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर व्हायच्या आत तिला जाग यायची आणि ती हात लांबवून त्याचं बटण दाबून टाकायची. पलीकडच्या खोलीत धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची मुलगी झोपलेली असायची. घर दोनच खोल्यांचं. वर आणखी एक खोली चढवायची, जिना बाहेरून घ्यायचा आणि म्हातारपणी तिथे एकटीनं पाय पसरून झोपायचं, एवढ्यासाठी ती पगारातून बाजूला टाकत होती.

"बांध, बांध," भाऊ म्हणायचा. "आत्ता शेजारून पाळत ठेवतेस, मग वरून ठेव."

दोघं एकाच कारखान्यात होती. तिथे ओलं लाकूड वाफेवर वाळवून फळ्या तयार करत. भाऊ अंगानं काडी, म्हणून कामावर सगळे त्याला बारक्या म्हणत. बारक्या तिला अक्का म्हणे, म्हणून मग सगळा कारखाना तिला अक्का म्हणायला लागला, अगदी सुपरवायझरसुद्धा.

अक्कानं उमेदीची वर्षं फळ्या रचण्यात घालवली. फळ्यांचा एक थर, त्यावर आडव्या पट्ट्या, पुन्हा फळ्या. वरच्या थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर यायला हवी. बोटभर सरकली तर फळी वाळताना तिथेच वाकते, आणि एकदा वाकलेली फळी कुणाच्या बापाला सरळ होत नाही. अक्काच्या थप्पीतली फळी कधी वाकली नाही. तिचे गुडघे मात्र गेले. मग तिला बसून करायचं काम मिळालं, वाफेच्या खोलीसमोरच्या केबिनमध्ये.

वाफेची खोली म्हणजे दोन ट्रक उभे राहतील एवढी जागा. सकाळी वाळलेला माल बाहेर काढायचा, ओला भरायचा, मोठं लोखंडी दार लावायचं आणि दुपारी बाराला वाफ सोडायची. दार लागल्यावरही एक काम उरायचं. आत मागच्या बाजूला पंखे होते आणि त्यांच्यामागे पाणी वाहून जायची नाली. ती भुशानं आणि चिकानं रोज तुंबायची. पंख्यामागच्या फटीतून शिरू शकेल असा माणूस एकच, बारक्या. तो बाजूच्या छोट्या दारानं आत जायचा, नाली खरवडून बाहेर यायचा. आतल्या दमटपणात मनगटी घड्याळं टिकत नसत, म्हणून हातातलं काढून ठेवूनच जायचं. छोट्या दाराला एक जाड काच होती. त्या काचेतून समोरच्या केबिनच्या भिंतीवरचं घड्याळ दिसायचं, आणि त्यावर नजर ठेवून तो काम आवरायचा.

ते घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. कुणा जुन्या मुकादमानं मुद्दाम तसं लावलं होतं, माणसं वेळेआधी बाहेर पडावीत म्हणून. पण घड्याळ पुढे आहे हे एकदा सगळ्यांना कळलं, की त्याचा काय उपयोग? घड्याळात बारा वाजले की माणसं म्हणायची, अजून दहा मिनिटं आहेत, आणि तेवढ्यात निवांत एक विडी ओढून घ्यायची. तरी कधी काही झालं नाही. कारण वाफ सोडणारी अक्का होती. वाफेच्या झडपेचं चाक हातानं फिरवायच्या आधी ती छोटं दार उघडून हाक मारायची, "आत कोण आहे रे?" उत्तर आलं नाही की मगच चाक फिरायचं.

मग कॉम्प्युटर आला. आता झडप मोटरवर उघडणार होती, ठरल्या वेळेला, आपोआप. माणूस येवो न येवो. दोन्ही दारं लागलेली असली की मशीनच्या लेखी खोली रिकामी.

"अक्का, आता तुम्ही फक्त बघायचं," सुपरवायझर म्हणाला. "हात लावायचा नाही."

"मग पगार कशाचा देणार, साहेब?"

"बघण्याचाच."

चाकावर कुणीतरी लाल रंगाचा हात मारला. चाकाबरोबर त्याचा आटाही रंगवून टाकला. अक्का तेव्हाच बोलली होती, की आटा रंगवू नका, जाम होईल. तिचं बोलणं रंगाऱ्यानं ऐकलं आणि ब्रश पुढे सरकवला.

काही दिवसांनी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. दमट हवेनं आतून गंजलं होतं. नवं घड्याळ मागितल्यावर सुपरवायझरनं कॉम्प्युटरवरच एक घड्याळ टाकून दिलं. "यात सगळं आहे. रंग, आकार, हवं ते. तुमचं तुम्ही लावून घ्या."

अक्कानं ते थप्पी रचावी तसं लावलं, एकेक गोष्ट नीट बघून. आकडे एवढेसे होते, ते ओढून ओढून चार बोटं उंच केले. रंग आधी लाल केला, काचेतून तो फुटका दिसला, म्हणून हिरवा. सेकंद लपवले, कारण पळते आकडे लांबून डोळ्यांत खुपतात. दर वेळी ती उठायची, गुडघा धरत खोलीच्या छोट्या दाराआड जायची, काचेतून बघायची आणि परत यायची. काचेतून नीट दिसत होता तो पडद्याचा उजवीकडचा खालचा कोपरा, म्हणून तिनं घड्याळ तिथे नेलं. दुसरं काही उघडलं की ते मागे दडायचं. यादीत एक खूण होती, घड्याळ कायम सगळ्यांच्या वर ठेवा. ती केली. हमाल येता-जाता माउसला हात लावत, तर घड्याळ सरके. त्यालाही खूण होती, जागेवर कुलूप. तीही केली. घड्याळाखाली पडद्यावरची मशीनची दोन-तीन बटणं झाकली गेली. ती आजवर कुणी दाबली नव्हती.

पहिल्या दिवशी घड्याळात खरी वेळ होती, आणि गोंधळ उडाला.

"अक्का, तुमचं घड्याळ मागे पडलंय," एक हमाल म्हणाला.

"मागे नाही. बरोबर आहे."

"बरोबर असून काय उपयोग? जेवायला दहा मिनिटं उशिरा गेलो ना आम्ही!"

बारक्या हसला नाही. "हे बघ अक्का, इतकी वर्षं डोकं दहा वजा करत आलंय. आत नाली खरवडताना आज खरी वेळ की कालची, हे मला आठवणार नाही. पहिल्यासारखं करून टाक."

त्याचं खरं होतं. जिवाशी गाठ असलेल्या जागी नवं गणित नको. दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरला जात असताना अक्का घड्याळाची यादी उघडून बसली. वेळ पुढे करा, असं काही तिथे सापडेना. सगळ्यांत खाली एक ओळ होती, तारीख आणि वेळ बदला. तिनं ती दाबली. एक चौकट आली. तिनं दहा मिनिटं वाढवली. मशीननं विचारलं, नक्की बदलायची का? तिनं हो म्हटलं. मग मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर दहाचा फरक. तिला बरं वाटलं.

तिनं बदलली होती ती कॉम्प्युटरची स्वतःची वेळ. पडद्यावरचं घड्याळ नुसतं ती वेळ दाखवत होतं. झडपेची मोटरही त्याच वेळेवर चालत होती.

मोठं दार लागलं. बारक्यानं मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या टेबलावर ठेवलं.

"आज चीक फार आहे. पाइनचा माल होता," तो म्हणाला. "बारा वाजून गेले तरी ओरडू नकोस. दहा मिनिटं आपलीच आहेत."

"ये लवकर. डबा गार होतो."

छोटं दार त्याच्यामागे लागलं. अक्कानं डबा उघडून दोन ताटल्यांत वाढायला घेतलं. हिरवे आकडे बदलत होते. बारा झाले. तिनं वर पाहिलं आणि मनात दहा वजा केले. आतून खरवडण्याचा आवाज येत होता.

मग मोटर घुमली.

अक्काला वाटलं, सुपरवायझर काहीतरी तपासत असेल. मग थंड पाइपात ठोका पडला. गार लोखंडात वाफ शिरली की असा ठोका पडतो. तो तिनं इतकी वर्षं रोज ऐकला होता, पण बारक्या बाहेर आल्यावर. आज बारक्या आतच होता.

तिनं पडद्याकडे धाव घेतली. थांबवायचं बटण कुठे आहे तिला ठाऊक होतं. उजव्या कोपऱ्यात, खाली. त्यावर चार बोटं उंचीचे हिरवे बारा बसले होते. तिनं माउसनं घड्याळ ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. कुलूप तिचंच होतं.

झडप हातानं बंद करायला ती चाकाकडे गेली. गुडघ्यांचं तिला भान नव्हतं. रंगानं जाम झालेला आटा तसूभर सरकेना. तिनं दोन्ही हातांनी धरलं, पाय भिंतीला लावला आणि सगळं अंग टाकलं. रंगाचा टवका उडाला. चाक फिरलं, मग आणखी, आणि पाइप तापत गेला तसे तिचे तळवे चाकाला चिकटायला लागले. फुसफुस थांबेपर्यंत तिनं सोडलं नाही. मग छोटं दार उघडलं. आत पांढरंशुभ्र होतं. दुसरं काही दिसेना.

"बारक्या! खाली हो! जमिनीला लाग आणि माझ्या आवाजाकडे ये!"

ती हाका मारत राहिली. आवाज बसला तरी मारत राहिली. कितीतरी वेळानं उंबऱ्याशी एक हात आला, त्यामागे दुसरा. हमालांनी त्याला ओढून बाहेर घेतलं. पाठ आणि मान भाजली होती, चेहरा त्यानं शर्टात खुपसलेला होता. त्यानं डोळे उघडले आणि तिच्याकडे बघून घोगऱ्या आवाजात विचारलं, "अक्का, दहा मिनिटं होती ना अजून?"

सुपरवायझरनं नंतर विचारलं, वेळ कुणी बदलली. "मी," अक्का म्हणाली. चाकावरचा रंग खरवडून काढला, आट्याला तेल दिलं आणि निवृत्त होईपर्यंत वाफ अक्कानंच सोडली, हाक मारून. तिच्या तळव्यांची कातडी ताणलेली राहिली, मूठ पुरती मिटत नसे. तरी चाक तिनं कुणाला धरू दिलं नाही.

बारक्या वाचला. पाठ भरून आली. पण बंद खोलीत त्याला बसवेना. दार लागलं की श्वास अडकायचा, घरात कुकरची वाफ सुटली की तो उठून रस्त्यावर जायचा. पावसाळ्यातसुद्धा ओट्यावर झोपायचा, भिजत.

निवृत्तीचा पैसा हातात आला तेव्हा अक्कानं गवंडी बोलावला. गवंड्यानं वर बघून विचारलं, "जिना कुठून काढायचा?"

"जिना नाही," ती म्हणाली आणि भावाच्या खोलीची रस्त्याकडची भिंत दाखवली.

ती जवळजवळ सगळी भिंत पाडली. तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडकी आली, जाळीची, काच नसलेली. वर पाऊस अडवायला पुढे काढलेला पत्रा. खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. अक्का अजून आपल्या जुन्या खोलीतच झोपते. साडेचारला उठते, आणि चूल पेटवायच्या आधी दार नसलेल्या चौकटीत उभी राहून हाक मारते, "बारक्या, आहेस ना रे?"