पाव्हन्याला किती गुण

कावळा, चिमणी, साळुंकी, होला यांना एक गुण. थंडीत परमुलखातून येणाऱ्याला तीन. सातपुड्याच्या जंगलात जाऊन शोधावा लागतो त्याला पाच. आणि रानपिंगळा, घुबडाच्या जातीतला दुर्मीळ, दिसला तर दहा. एक पक्षी वर्षातून एकदाच हिशोबात धरायचा, पुन्हा दिसला तर बघायचा आणि पुढे जायचं. जानेवारीत सुरू, डिसेंबरात बंद. जो जिंकेल त्याला बाकीच्यांनी भरीत-पुरीचं जेवण द्यायचं. जळगाव-धुळ्याकडची काही मोठी, शिकलेली माणसं हा खेळ फोनवरच्या ग्रुपमध्ये खेळतात आणि त्यावरून पोरांसारखी भांडतात.

मी सातवी शिकलेला. सारी उमर केळीचा ट्रक चालवला, रावेरहून दिल्लीकडे आणि परत. पक्षी म्हणजे काचेवर घाण करणारी जात, एवढीच माझी ओळख. मला या खेळात ओढलं ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान असलेल्या शेठने. बाप-आजा मारवाडातून आले, हा इथेच जन्मला, माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतो. खेळाचा एक नियम असा की पक्षी दोघांनी मिळून बघायचा. एकट्याने बघितलेला धरत नाहीत, कारण एकटा माणूस काहीही सांगतो. शेठचा जोडीदार बदली होऊन पुण्याला गेला, म्हणून तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, आबा, तुम्ही रिकामे आहात, गाडी चालवता येते, नजर लांबची चांगली आहे, माझी जोडी व्हा.

मी म्हटलं, माझी जोडी पावसाळ्यात गेली, आता नवी नको. तोंडावर बोलायची मला खोड आहे. तो उठायला लागला तेव्हा मीच म्हटलं की येतो, पण गुण तुझे तू ठेव, मला एक पक्षी शोधून दे.

त्या पक्ष्याची गोष्ट अशी. बायको साक्रीकडची. तिकडची बोली वेगळी, आमची वेगळी. इथे येऊन ती आमच्यासारखं बोलायला शिकली, पण काही शब्द तिने सोडले नाहीत. सकाळी मागच्या अंगणात पाणी भरता भरता ती म्हणायची, "पाव्हना उना." म्हणजे पाहुणा आला. लग्नानंतर सुरुवातीला मी धडपडत सदरा चढवून बाहेर यायचो. दारात कोणी नाही. विचारलं तर म्हणायची, "तुमना नही, मना शे. पाखरू शे." आणि पदर तोंडाला लावून हसायची. पुढे मी उठायचं सोडलं. गाडीवरून आलेला माणूस, मला झोप प्यारी. ती म्हणायची, मी कूस बदलायचो.

ती गेल्यावर सकाळी अंगणात आवाज राहिला नाही. तेव्हा लक्षात आलं की ज्याला ती इतकी वर्षं पाव्हना म्हणायची तो पक्षी कोणता, मला माहीत नाही. मुलीला फोन केला. तिला एवढंच आठवत होतं की आई असं काही म्हणायची. मग ते डोक्यातून जाईना. बाकी तिच्याबद्दलचं सगळं मला माहीत होतं, कोणत्या डब्यात काय ठेवते तेसुद्धा. एवढं एक नव्हतं.

शेठने ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. म्हणाला, हे तर सोपं आहे. थंडीत बाहेरून येतात त्या पक्ष्यांना आम्ही हिवाळी पाहुणेच म्हणतो. वहिनींचा पाव्हना तीन गुणांचा आहे, आबा, शोधूच.

झालं. आम्ही पाहुण्यांच्या मागे लागलो. हतनूर धरणावर गेलो. शेठने दुर्बीण दिली आणि मी पहिल्यांदा पाण्यावरची बदकं जवळून बघितली. एका बदकाची चोच पुढे फावड्यासारखी पसरट. मी विचारलं, हिने ते काय करत असेल? शेठ म्हणाला, पाणी गाळून किडे खाते. मला ते फार आवडलं. शेठ आकडे लावत होता आणि मी विचारत होतो, हा रात्री कुठे झोपतो, हा एका पायावर का उभा, इतक्या लांबून येताना वाट कशी ओळखतो, ढाबा कुठे करतो. तो वैतागून म्हणायचा, आबा, आधी मोजू द्या. पण मलाच मजा येत होती, आणि मजा येते म्हणून वाईटही वाटत होतं. ही सगळी विचारपूस तिच्यासोबत अंगणात उभं राहून फुकटात झाली असती.

प्रत्येक पाहुण्याला मी एकच कसोटी लावायचो: हा आमच्या अंगणात येईल का? चक्रवाक येणार नाही, तो मोठा, त्याला पाणी लागतं. हंस येणार नाही. शेठने धोबी दाखवला, काळा-पांढरा, शेपटी वरखाली करत चालणारा. म्हणाला, हाच, हा अंगणात येतो, थंडीत येतो, मोरीजवळ फिरतो, अजून काय पाहिजे. ग्रुपवर टाकूनही दिलं त्याने की आबांचा पाहुणा सापडला. धुळ्याच्या एका बाईंनी हार-फुलांची चित्रं पाठवली. मी धोबी रोज बघू लागलो. चांगला पक्षी आहे, पण मन मानेना. धोबी जमिनीवर चालतो. मला आठवत होतं ते तिचं वर झालेलं तोंड. बादली हातात, मान वर, आणि मग ते शब्द. जमिनीवरच्या पाखराला कोणी वर बघून बोलत नाही.

शेठ म्हणाला, आबा, तुम्ही वकिलासारखे वागता.

होळीच्या आधी बातमी आली की साक्रीच्या पश्चिमेला जंगलात रानपिंगळा दिसला. दहा गुण. शेठला रात्रभर चैन पडेना. पहाटे गाडी काढली. हा पिंगळा दिवसा फिरतो म्हणे, म्हणून मी अर्धा दिवस सागाच्या वाळक्या पानांतून जाड्या शेठमागे हिंडलो. पिंगळा काही दिसला नाही. दुपारी शेठ भुकेने चिडचिडा झाला. मी म्हटलं, इथून जवळ माझी थोरली मेहुणी राहते, भाकरी तरी मिळेल.

अक्का, म्हणजे बायकोची थोरली बहीण, तेराव्यानंतर मला पहिल्यांदाच बघत होती. थोडी रडली, मग लगेच चूल पेटवली. आम्ही ओसरीत जेवायला बसलो. दुर्बिणी कशाला, हे तिने शेठला विचारलं, आणि शेठने गुणांचा सगळा हिशोब तिला समजावला. पाखरं बघायला डिझेल जाळता का, एवढंच ती म्हणाली. मग शेठनेच माझा विषय काढला, की आबा एका पाहुण्याला शोधत आहेत, वहिनी ज्याला पाव्हना म्हणायच्या तो, आणि आम्ही हतनूरपर्यंत पालथं घातलं.

अक्काने हातातली भाकरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"आमना घर तुम्हले काय म्हनेत?"

मला कळेना. मी म्हटलं, काय म्हणायचे, जावई म्हणायचे.

"जवाई इकडे कोन म्हनस? पाव्हना म्हनेत. पाव्हना उना, पाव्हनाले पानी द्या. इसरी गयात?"

विसरलोच होतो. गाडीच्या धंद्यात सासरी जाणं किती होतं. पण मी म्हटलं, अक्का, मी माणूस, आणि ती पाखराबद्दल बोलायची.

"मंग पाखरूनं नाव काय शे? तिनी कसं लेवानं ते?" बहिणीने ते नाव घ्यायचं कसं, असं विचारत अक्का ओसरीच्या कडेला गेली. समोर विजेच्या तारेवर एक हिरवं पाखरू बसलं होतं. डोक्यावर तांबूस, डोळ्यावर काजळासारखी रेघ, शेपटीतून बारीक काडी निघालेली. असली पाखरं मी आयुष्यभर रस्त्याच्या कडेला बघितली, एकालाही कधी नाव विचारलं नाही. अक्का म्हणाली, "ती नही लेये, मी लेस. येडा राघू."

शेठ जेवता जेवता ठसका लागून हसला. मग माझ्याकडे बघून थांबला.

मला आता सगळे आबा म्हणतात. आधार कार्डावर नाव लांबलचक आहे. पण आईने मला ज्या छोट्या नावाने हाक मारली, आणि लग्नात बायकोने उखाण्यात जे घेतलं, ते हेच, राघू. तेवढं एकदाच घेतलं तिने, आणि तेही बँडच्या आवाजात मला ऐकू आलं नव्हतं. नंतर जन्मभर "अहो" आणि "आयकतस का". नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून पाखराचंही घेतलं नाही. माहेरी मला जे म्हणायचे ते त्याला देऊन टाकलं. आणि पुढे "येडा" लावायचं राहिलं, ते ती हसून भरून काढायची.

अक्का म्हणाली, "इतला वरीस गाडी चालाडी, पन घरनं बोलनं नही समजनं तुम्हले."

मी भाकरी खाल्ली. मिरची तिखट होती, डोळ्याला पाणी यायला तेवढं कारण होतं.

शेठने हळूच विचारलं, हा बाहेरून येत नाही आबा, इथलाच आहे, बारमाही. एकच गुण. आणि तो मी जुन्या जोडीदारासोबत जानेवारीतच धरलाय, ग्रुपवर काय लिहू? मी म्हटलं, धोबी खोडून टाक, बाकी काही लिहू नकोस.

निघताना तो म्हणाला की उजेड आहे तोवर जंगलात आणखी एक चक्कर मारू, दहा गुण आहेत. मी बरं म्हटलं. पण वस्तीच्या बाहेर बाभळीजवळ तारेवर आणखी दोन-तीन तसलेच बसलेले दिसले आणि मी गाडी बाजूला घेतली. एक उडाला, हवेत गिरकी घेतली, माशी पकडली आणि परत त्याच जागेवर येऊन बसला. ती तारेवर आपटली, गिळली. परत उडाला, परत तिथेच. आमच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेचं एक टोक बायको नेहमी रिकामं ठेवायची. मला वाटायचं तिथे गंज आहे.

मी शेठला विचारलं, याला वेडा का म्हणतात? चांगला हुशार तर दिसतो, पकडतो, खातो, आपल्या जागी परत येतो. शेठला माहीत नव्हतं. म्हणाला, पुस्तकात बघून सांगतो. मी म्हटलं, बघ.

मग मला दुसरं काही विचारायचं होतं, पण ते त्याच्या पुस्तकात नसणार. मी ट्रकवर असायचो, कधी दहा दिवस, कधी पंधरा. घरात कोणी नसताना, अंगणात एकटी असताना, तो पाव्हना येऊन बसल्यावर तरी तिने त्याचं खरं नाव घेतलं असेल का?

शेठ घड्याळ बघत होता. पिंगळ्याची वेळ जात होती. मी इंजिन बंद केलं आणि त्याला म्हटलं, तू जाऊन ये, मी इथे बसतो. तो म्हणाला, एकट्याने बघितलेला धरत नाहीत. मला माहीत आहे, म्हटलं, आणि काच खाली केली.