तीन मुळांची अदलाबदल

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकला गणितात एम.एस्सी.ला होतो. गाल्वा ग्रुप, म्हणजे समीकरणाच्या मुळांच्या मान्य अदलाबदलींचा संच, शिकवताना सरांनी फळ्यावर समीकरण लिहिलं: एक्सचा घन वजा दोन बरोबर शून्य. त्याची तीन मुळं, म्हणजे तीन उत्तरं, म्हणून तिघांना पुढं उभं केलं. अनिरुद्ध, मेधा आणि मी. अनिरुद्ध संख्यारेषेवर सापडणारं मूळ, आम्ही दोघं तिथं न सापडणारी.

सर म्हणाले, "मुळांमधली नाती टिकली, तरच अदलाबदल मान्य. इथं कुणाचीही कुणाशी चालते."

अनिरुद्ध-मेधाच्या जागा बदलल्या. "बघा, समीकरणाला पत्ताही नाही!"

मग माझ्याकडं बघितलं.

"ह्याची नको. हा सुरगाण्याचा गडी कुठंही उभा करा, कोट्यातला म्हणून लगेच ओळखू येतो."

वर्ग हसला. मीही हसलो.

"जा, बस."

मी निघालो. पण बाकाकडं नाही. अनिरुद्धपाशी गेलो. "सरक," म्हटलं. तो सरकला.

"सर, समीकरण तेच आहे."

"लय शहाणा झालास?"

मी बसलो नाही. तास संपेपर्यंत उभा राहिलो. बाकीचे वह्यांत मान घालून फळा उतरवत राहिले.

पास झालो. पुढं तासिका तत्त्वावर शिकवत राहिलो. काही वर्षांनी त्याच कॉलेजात आम्हा आदिवासींच्या राखीव जागेची जाहिरात निघाली. मुलाखतीला मी एकटाच. समोर तेच सर. गाल्वाबद्दल एकही प्रश्न नाही.

"तिकडं डोंगरात हे गणित कुणाला लागतं?" एवढंच विचारलं.

मी म्हणालो, "मला लागतं."

त्यांनी माझी फाइल मिटली.

आई रोज विचारायची, "नोकरीचा काय झाला?" मी म्हणायचो, कळवतील. कुणी कळवलं नाही. शेवटी मीच गेलो. कॉलेजच्या शिपायानं बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, जागा रिकामीच ठेवली. योग्य उमेदवार मिळाला नाही, असं लिहिलंय. परत जाहिरात काढणार म्हणे."

मी परत अर्ज करणार. त्यानंतरही करणार. जागा मिळेल असं वाटत नाही. पण उमेदवारच आला नाही, असं त्यांना कधी लिहिता येणार नाही.