नाल्यापलीकडचे दगड

सोमीबाई काल गेल्या. त्यांच्या नवऱ्याला जिथं पुरलं होतं, ती जागा मी नकाशातून घालवली होती.

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकात मी सर्व्हेच्या कामावर नवा होतो. चंद्रपूरच्या बाजारात वाढलेला. जंगल पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून.

गडचिरोलीतल्या एका गोंड गावात कॅम्प लागला. गाव जंगल कुठवर वापरतं ते फिरून बघायचं आणि नकाशावर रेघ मारायची, एवढंच काम.

वाट दाखवायला गावानं सोमीबाईंना पाठवलं. वय चाळिशीचं. त्या पुढं, मी मागं.

"इथून आमी बांबू नेतो. इथी गुरं चारतो. हा मोह माह्या सासूचा."

मी लिहीत होतो.

दुपारी नाल्याशी पोचलो. मे महिना, बुटात पाय सोललेले.

"पलीकडं चाल, शेखसायेब. तिथी आमचे मेलेले आहेत. माह्या माणसाचा दगड आहे."

"राहू द्या बाई. इथूनच लिहून घेतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"न पायता लिवशील?"

"लिहीन ना."

नाही लिहिलं.

कॅम्पवर साहेबांनी विचारलं, "नाल्यापलीकडं काही आहे का? नसेल तर नालाच हद्द धरू."

पलीकडं आहे म्हटलं असतं, तर उद्या परत जावं लागलं असतं.

मी म्हणालो, "काही नाही सर."

आणि सही केली.

दोन-तीन वर्षांनी तिथं सागवानाचं प्लांटेशन झालं. मशीननं चर खणले. एक सहकारी चहा पिता पिता सहज म्हणाला, "जुने दगड निघाले म्हणे बरेच. बांधाला कामी आले."

माझे अब्बा चंद्रपूरच्या कब्रस्तानात आहेत. त्या दिवसापासून तिथं फुलं वाहण्याआधी मी कबरीचा दगड जागेवर आहे ना, ते बघतो.

मग वनहक्काचा कायदा आला. गावानं सामूहिक दावा टाकला. नाल्यापलीकडचा भाग अडला. जुन्या नकाशात शेरा होता, 'वापर नाही'. खाली माझी सही.

मी गावात गेलो. ग्रामसभेत उभा राहिलो आणि सांगितलं, मी पलीकडं गेलोच नव्हतो.

मग सोमीबाई म्हणाल्या, "मले मालूम आहे. मी तुह्यासंगंच होती ना."

"मग इतकी वर्षं सांगितलं काऊन नाही, बाई?"

"सांगतलं. दरवेळी सांगतलं. हापिसातले म्हणत, सायेबाची सही आहे."

मी माफी मागितली. त्या उठल्या. "चाल आता."

नाला ओलांडला. सागवानाच्या सरळ रांगा. त्या एका चराच्या काठावर थांबल्या. "इथी."

तिथं काहीच नव्हतं.

मी तिथंच बसून माझा जबाब लिहिला, खाली सही केली. त्यांनी तो मोठ्यानं वाचायला लावला. मग साक्षीदार म्हणून अंगठा दिला.

पुढं दावा मंजूर झाला, नाल्यापलीकडच्या भागासकट. दगड मात्र सापडले नाहीत. सोमीबाईंनी नाल्यातून एक नवा उचलून आणला, उभा केला, बराच वेळ बघत राहिल्या.

"हा तो नाई," म्हणाल्या.

काल त्यांना तिथंच पुरलं. गावातून फोन आला होता.

मी गेलो नाही. त्या गर्दीत उभं राहायची हिंमत झाली नाही.

सोमीबाई, माफीवर तुम्ही शेवटपर्यंत काही बोलला नाहीत. बरोबरच केलंत.

तुम्हाला माझा जोहार.