कोणाला झाला, कुठून झाला

हट्टा गावच्या जाहेदाला लहानपणापासून एक खोड होती. 'काहून?' असं विचारल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. पाऊस का पडतो, बकरी रवंथ का करते, सगळ्याला काहून. लग्न झालं, लेकरं झाली, तरी खोड गेली नाही.

कोरोना आला तेव्हा ती वसमतच्या एका दवाखान्यात झाडू-फरशीचं काम करत होती. सुरुवातीलाच तिची पाळी कोरोना वॉर्डात लागली. बातमी गावात पोचायला कितीसा वेळ लागतो? नेहमीचा रिक्षावाला तिला पाहून रिक्षा थांबवेना. मग नवरा इस्माईलच तिला मोटारसायकलवर सोडायचा. इस्माईलचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. तिथंच कापसाच्या ढिगाशेजारी जाहेदानं आपलं अंथरूण हलवलं. लेक आयेशा उंबऱ्यावर ताट ठेवायची आणि चार पावलं मागं सरून बोलायची.

"अम्मी, तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय की. पण भ्यालं म्हणून फरशी थोडीच पुसल्या जाते?"

दवाखान्यातही तिला वेगळं काढलं होतं. ऑफिसच्या मागं एक चहाची खोली होती, सगळे तिथं जेवायला डबे सोडायचे. एकदा जाहेदा आपला डबा घेऊन आत शिरली, तसा कारकून अंगद उभाच राहिला.

"मावशी, राग धरू नका. पण वॉर्डातल्या लोकांनी बाहेर बसलेलं बरं. आमाला बी लेकरंबाळं हायत."

जाहेदानं डबा उचलला आणि वॉर्डातल्या बायांसोबत लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसली. भाकरी गोड लागली नाही. पुन्हा तिनं त्या खोलीचं तोंड पाहिलं नाही.

आणि मग झालं भलतंच. पावसाळ्यात ताप आला तो अंगदला. त्याच्यामागं स्वयंपाकघरातल्या चंद्रभागाबाईला. या दोघांनी वॉर्डाचं दारही पाहिलं नव्हतं. जाहेदा मात्र रोज पेशंटच्या खाटेखाली वाकून पुसत होती, आणि ठणठणीत होती. दोघं बरे होऊन आले, पण जाहेदाच्या डोक्यातून ते काही जाईना. शेवटी तिनं वॉर्डातल्या पुनम डॉक्टरला गाठलं.

"मॅडम, इस्तवात हात घालणारे आमी. आन् चुलीपासून लांब बसले त्ये भाजून राहिले. हे काहून?"

पुनम मॅडम वयानं तिच्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्या हसल्या. "मावशी, मलाही तेच कोडं पडलंय. कदाचित तुम्हालाही होऊन गेला असेल, कळलं नसेल. कित्येकांना कळतच नाही."

हे ऐकून जाहेदा चाटच पडली. आजार अंगात येऊन जातो आणि माणसाला पत्ता नाही! त्या दिवसापासून ती स्वतःकडेच संशयानं बघू लागली. गणपतीत घसा खवखवला होता, तोच असेल का? मोहरमच्या सुमाराला पाय दुखत होते, तेव्हा असेल?

थंडीत सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासायचं ठरलं. कोरोना होऊन गेला असेल तर रक्तात त्याची खूण सापडते, असं मॅडमनी समजावलं. जाहेदा रांगेत पुढं जाऊन उभी राहिली. आपली खूण निघणारच, याची तिला खात्री होती.

निकाल आला. दवाखान्यातल्या दर तिघांत एकाला तरी होऊन गेला होता, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊकच नव्हतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्यात मिराबाई होती, ऑफिस झाडणारी. जाहेदाच्या रक्तात मात्र खूण नव्हती.

जाहेदा मॅडमना पुढचं विचारणार, तेवढ्यात मिराबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिची सासू दसऱ्याच्या आधी कोरोनानं गेली होती.

"म्या नेला गं घरी," ती म्हणाली. "मला शिंक बी आली न्हाई, आन् म्हातारी गेली."

जाहेदाच्या जिभेवरचा प्रश्न तिथंच विरला. ती तिच्याजवळ जाऊन बसली. पुनम मॅडमही खाली बसल्या. "मिराबाई, रक्तात खूण दिसते, पण कधी झाला आणि कोणाकडून झाला, ते रक्त सांगत नाही. सासूबाईंकडून तुम्हाला झाला असेल. मुलाकडून दोघींना झाला असेल. ते आता कोणालाच कळणार नाही."

"खरंच?"

"खरंच. तुमची समजूत काढायला म्हणत नाही."

मिराबाई बराच वेळ रडली. जाहेदा तिला घरापर्यंत सोडून आली.

पण कोणाकडून हे कळणार नसलं, तरी कुठं हे कळेल का? दुसऱ्या दिवसापासून जाहेदा आणि मॅडम दोघी मिळून त्याच्या मागं लागल्या. ज्यांना होऊन गेला, त्यांना विचारायचं: तोंडावरचा मास्क कुठं काढता? अंगद म्हणाला, डबा खाताना. चंद्रभागाबाई म्हणाली, चहा पिताना. मिराबाई म्हणाली, तिथंच, कप उचलायला जाते तेव्हा. मॅडमनी जाऊन ती खोली पाहिली. एकुलती एक खिडकी, तीही माकडं आत येतात म्हणून खिळे मारून बंद केलेली. वॉर्डाच्या खिडक्या मात्र सताड उघड्या असायच्या, आणि तिथं मास्क काढायची कोणाची छाती नव्हती.

"नक्की सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण मला तरी हीच खोली वाटते."

खिळे काढले, जाळी बसवली, आणि डबे अंगणात सुटू लागले. अंगद एक दिवस जाहेदाजवळ येऊन घुटमळला.

"मावशी, त्या वक्ताला म्या तुमाला बाहेर काढलं..."

"व्हय. लई राग आला व्हता," जाहेदा म्हणाली. "आता कळंना झालंय, तुमच्यावर रुसू का तुमचं भलं चिंतू!"

अंगद ओशाळून हसला, आणि तिनं त्याच्या डब्यात ठेच्याची चिमूट टाकली.

पुढं लस आली, तिनं दोन्ही सुया टोचून घेतल्या. तरी दुसऱ्या लाटेत कोरोनानं तिला गाठलंच. आधी इस्माईल खोकला, मागून ती. वॉर्डानं दिला की घरानं, यावर नवराबायकोनं अंथरुणात पडल्या पडल्या वाद घातला आणि निकाल न लावताच दोघं बरे झाले. वास तेवढा गेला होता. कामावर परतल्यावर फिनेलच्या बाटलीत नाक घातलं तरी तिला काही कळेना.

बऱ्याच दिवसांनी, मोंढ्याच्या घाऊक बाजारावरून जाताना, मास्कच्या आत काहीतरी उग्र शिरलं. तिनं इस्माईलच्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवली.

"काय झालं?" तो घाबरला.

"हळद," ती म्हणाली. "हळद आलीया बाजारात. थांब जरा."